शेवटचे तीन मिलिमीटर : संगमरवरात माप राखून डोकं कोरायचं कसं

संगमरवरात चूक होते ती बहुधा पहिल्या दिवशी, आणि दिसते ती शेवटच्या दिवशी. दगड खूप बाकी आहे म्हणून टाकी सरळ, जोरात मारली जाते. दोन महिन्यांनी पॉलिश पेपर फिरवताना त्याच जागी गालावर पांढरट ठिपका उमटतो आणि कितीही घासला तरी जात नाही. म्हणून कोरणाऱ्याला प्रत्येक घावाआधी एका प्रश्नाचं उत्तर मिलिमीटरमध्ये देता आलं पाहिजे : इथे अंतिम पृष्ठभाग अजून किती आत आहे? हात कितीही सराईत असला तरी हा आकडा अंदाजाने येत नाही, तो मोजावा लागतो.

इथे उदाहरणासाठी चौथऱ्यासकट २२० मिमी उंचीचं डोकं घेतलं आहे. प्लास्टरचा नमुना तयार आहे आणि दगडात त्याच मापाचं करायचं आहे. मुंबईत घराच्या गॅलरीत किंवा गच्चीच्या कोपऱ्यात होऊ शकेल इतपतच हे काम आहे.

दगड घेताना

मुंबईच्या मार्बलच्या दुकानात मिळतात त्या बहुतेक लाद्या, १८-२० मिमी जाडीच्या. आपल्याला ठोकळा हवा. मकराना किंवा अंबाजीचा पांढरा दगड सांगून मागवा, ६ × ६ × ९ इंच. संगमरवराचा एक घनफूट साधारण ७६ किलो भरतो, त्या हिशेबाने हा ठोकळा १४ किलोच्या आसपास येतो, म्हणजे एका माणसाला उचलता येतो. पहिल्या कामाला याहून मोठा दगड घेऊ नका. सारखा फिरवावा लागणारा दगड एकट्याने फिरवता आला नाही, तर आपण आळस करतो आणि एकाच बाजूने कोरत बसतो.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा. ठोकळा दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवून हातोडीने हलकं ठोका. निरोगी दगड घंटेसारखा खणखणतो, आत चीर असली तर आवाज बद्द येतो. जमिनीवर टेकलेल्या दगडाचा नाद खरा ऐकू येत नाही, म्हणून पट्ट्या हव्याच. मग सगळ्या बाजू पाण्याने भिजवा आणि वाळताना लक्ष ठेवा. पृष्ठभाग कोरडा झाला तरी एखादी रेघ केसासारखी ओली राहिली, तर ती चीर आहे. करड्या शिरा वेगळ्या. त्या चेहऱ्याच्या मागच्या भागात जाणार असतील तर चालतात, नाकातून किंवा कानातून जाणार असतील तर तो ठोकळा सोडून द्या. शेवटी, जी बाजू तळ होणार तिथे लिंबाचे दोन थेंब टाका. कॅल्साइट या खनिजाचा खरा संगमरवर बारीक फसफसतो. काहीच झालं नाही तर दगड डोलोमाइट असू शकतो. तोही कोरता येतो, पण कठीणपणाच्या मोह्स मापावर संगमरवर ३ असेल तर तो साडेतीन ते चारपर्यंत जातो आणि छिन्नी वारंवार बोथट होते.

पाट्याची टाकी विसरा

आपल्याकडचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट, घारापुरीपासून घरातल्या पाट्यापर्यंत. पाट्याला टाकी लावणारा पाथरवट टाकी जवळजवळ उभी धरतो आणि टिचे पाडत जातो. पाट्याला तेच हवं असतं, मसाला धरायला खरखरीत पाठ. संगमरवरात हीच सवय घात करते. उभ्या घावाने ढलपी निघत नाही, खालचे स्फटिक चिरडतात आणि तो मार काही मिलिमीटर आत जातो. चिरडलेल्या स्फटिकांत प्रकाश विखुरतो, म्हणून तो ठिपका शेजारच्या दगडापेक्षा पांढरा दिसतो. तोपर्यंत खोलवर घासून काढायला दगड उरलेला नसतो.

टोकदार टाकी पृष्ठभागाशी साधारण ४५ ते ६० अंशांत धरा आणि अंतिम पृष्ठभाग जवळ येईल तशी अजून आडवी करत न्या. दातेरी छिन्नी ४० अंशांच्या आसपास आणि सपाट छिन्नी २५ ते ३५. कोनमापक लावत बसायची गरज नाही, दगडच सांगतो. कोन बरोबर असला की नखाएवढी ढलपी सुटून उडते आणि आवाज स्वच्छ येतो. फार उभा झाला तर टोकाखाली पांढरी भुकटी साचते आणि ‘ठप्प’ असा मेलेला आवाज येतो. फार आडवा झाला तर छिन्नी घसरते आणि मागे चकचकीत ओरखडा राहतो.

नजर टाकीच्या टोकावर ठेवायची, डोक्यावर नाही. हातोडा डोक्यावर बरोबर पडतो याची सवय हाताला दोन-तीन दिवसांत होते. त्या दिवसांसाठी फुटक्या लादीचा तुकडा घ्या. उग्र कामाला ७०० ग्रॅमच्या आसपासचा हातोडा पुरतो आणि शेवटच्या कामाला ३०० ग्रॅमचा. हातोडा दाबून मारू नका, त्याच्या वजनाने पडू द्या. एका जोरदार घावापेक्षा चार हलके घाव जास्त दगड काढतात, कारण प्रत्येक घावानंतर टोक पुढच्या ढलपीच्या मुळाशी नव्याने बसतं.

दिशेचा नियम एकच आहे आणि त्याला अपवाद नाही : कडेकडून आतल्या बाजूला कोरायचं. छिन्नी मोकळ्या कडेकडे नेली की शेवटच्या घावाला कडेचा तुकडा सुटतोच. कानाची पाळी, नाकपुडीची कड आणि चौथऱ्याचे कोपरे असेच जातात.

बैठक, उजेड, धूळ

ठोकळा थेट टेबलावर ठेवू नका. गोणपाटाची पिशवी निम्मी रेतीने भरा आणि तिच्यावर दगड बसवा. रेती घावाचा हादरा पिते, दगड हवा तसा कलता ठेवता येतो आणि सरकत नाही. काम कोपराच्या उंचीला यावं. खाली वाकून कोरलं की टाकी आपोआप उभी होते, हे स्वतःच्या मनगटाकडे बघितलं की कळेल.

ट्यूबलाइटखाली पांढरा संगमरवर म्हणजे नुसता पांढरा ढग. खोलगट आणि उंचवटा वेगळे ओळखूच येत नाहीत. एकच बल्ब एका बाजूला, दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ चाटून जाईल असा लावा आणि दर थोड्या वेळाने दगड फिरवा. पावसाळ्यात मुंबईचा उजेड दिवसभर सपाट असतो, तेव्हा खिडकीवर पडदा ओढून बल्बवरच काम करणं बरं.

डोळ्यांना गॉगल आणि नाकाला एन-९५ मास्क लावा, हाताने कोरत असलात तरी. ग्राइंडर पाण्यासकट चालवणार असाल तर प्लग ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमागे, असलाच पाहिजे. घासण्याचं पांढरं पाणी मोरीत सोडू नका. ते पाइपात बसून चुन्यासारखं घट्ट होतं आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. बादलीत रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी ओता आणि गाळ कचऱ्यात टाका.

नमुना आणि तीन खुणा

शाडूत घडवलेलं डोकं वाळताना आकसतं आणि तडकतं, म्हणून ते ओलं असतानाच साचा काढून प्लास्टरमध्ये ओतून घ्या. सगळी मापं या प्लास्टरवरून घ्यायची. चौथरा डोक्यासकट एकाच तुकड्यात असू द्या आणि त्याची पुढची बाजू नाकाच्या शेंड्याहून थोडी पुढे ठेवा. आपल्या उदाहरणात ती ६ मिमी पुढे आहे. यामुळे चौथऱ्याची पुढची सपाटी हीच दगडाची सर्वांत बाहेरची सपाटी होते आणि खुणांसाठी वेगळी खोदाई करावी लागत नाही.

आता तीन खुणा पक्क्या करा. ‘अ’ टाळूच्या सर्वांत उंच जागी. ‘ब’ आणि ‘क’ चौथऱ्याच्या पुढच्या बाजूला डावी-उजवीकडे, तळापासून ८ मिमी वर आणि एकमेकांपासून ११० मिमीवर. प्लास्टरमध्ये नुसता टिंब केला तर कंपासच्या टोकाने तिथे खड्डा पडत जातो आणि आठवड्याभरात माप मिलिमीटरने बदलतं. त्यापेक्षा पितळेचा छोटा स्क्रू इपॉक्सीने बसवा आणि त्याच्या माथ्यावर पंचने बारीक खळगा पाडा. दगडातही तेच करा. लोखंडी स्क्रू नको. मुंबईच्या दमट हवेत तो गंजतो आणि गंजाचा डाग संगमरवरात उतरला की निघत नाही.

दगडात या खुणा बसवण्याआधी तळ आणि पुढची बाजू सपाट करून गुण्याने एकमेकांशी काटकोनात आणा, आणि वरची सपाटी तळापासून बरोबर २२० मिमीवर आणा. ९ इंच म्हणजे २२९ मिमी, तेव्हा तळ आणि वरची बाजू मिळून हाताशी ९ मिमी आहेत. सहाही बाजूंवर मधली रेघ मारा. वरची आणि तळाची रेघ कोरकामात शेवटपर्यंत पुसायची नाही. बाकीच्या चार बाजूंवरच्या रेघा जातील तेव्हा त्या या दोघींवरून पुन्हा काढता येतात. खुणा पेन्सिलीने किंवा कोळशाने करा. मार्करची शाई दगडात झिरपते. गेरूही सुरुवातीच्या थरापुरताच वापरा, जवळ आल्यावर नको.

तीन कंपासांनी एक बिंदू

या पद्धतीला बाकदार पायांचे तीन कंपास, म्हणजे कॅलिपर, लागतात, स्क्रूने घट्ट होणारे. नागदेवी स्ट्रीटवर मोजमापाची हत्यारं विकणाऱ्या दुकानांत चौकशी करा. बाक पुरेसा खोल आहे ना, ते बघून घ्या. या कामाला ६० मिमीहून खोल बाक हवा, नाहीतर टाळूवरून नाकाकडे माप नेताना ठोकळ्याची वरची कड आड येते.

नमुन्यावर नाकाच्या शेंड्याचं माप घेऊ. ‘अ’पासून ११४ मिमी, ‘ब’पासून १३५, ‘क’पासून १३६. तीन कॅलिपर या मापांना घट्ट करा. आता दगडाच्या पुढच्या सपाटीवर ‘ब’ आणि ‘क’मधून कंस मारा. ते एकमेकांना एका जागी छेदतात. मग ‘अ’मधून कंस मारा. तो त्या छेदापर्यंत पोचत नाही, सुमारे ५ मिमी वरच राहतो. ही फट म्हणजे नाकाच्या शेंड्यावर अजून दगड असल्याची खूण. फट आणि दगड सारखे नसतात, इथे दगड ६ मिमी आहे. तेवढ्या जागेत दगड उतरवत जा आणि कंस पुन्हा मारत राहा. ३ मिमी दगड उरतो तेव्हा फट सव्वादोन मिमीच्या आसपास येते. तिन्ही कंस एका टिंबात मिळाले की तो अंतिम पृष्ठभाग, आणि ‘अ’चा कंस छेद ओलांडून खाली गेला तर तुम्ही जास्त कोरलं आहे.

यातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ‘ब’ आणि ‘क’ नाकाच्या जवळपास त्याच सपाटीत आहेत, त्यामुळे ते बिंदू डावीकडे आहे की उजवीकडे, वर की खाली, एवढंच सांगतात. खोलीबद्दल ते मुके आहेत. खोली सांगतो तो ‘अ’, कारण तो नाकाच्या ७२ मिमी मागे आहे. तिन्ही खुणा पुढच्या सपाटीवरच ठेवल्या तर कंस छान मिळतील आणि नाक तीन मिमी खोल जाऊन बसेल. म्हणून डोक्याच्या मागच्या अर्ध्या भागासाठी चौथऱ्याच्या मागच्या बाजूला अजून दोन खुणा घ्या आणि त्या ‘अ’बरोबर वापरा.

बिंदू घेताना आधी उंचवटे घ्या : नाक, भुवईची हाडं, हनुवटी, गालफडं, कानाची बाहेरची कड, केसांचे फुगवटे. खोलगट भाग नंतर. उंचवटा एकदा खाली गेला की परत येत नाही, खळगा मात्र कधीही थोडा खोल करता येतो. या आकाराच्या डोक्याला साठ ते ऐंशी बिंदू पुरतात. प्रत्येक बिंदूला नंबर द्या आणि तिन्ही मापं वहीत लिहा. कॅलिपर हातातून पडला आणि माप हललं तर वहीच वाचवते.

पॉइंटिंग मशीन

कंपासांनी ऐंशी बिंदू काढताना कंटाळा येतो, आणि कानामागे ते पोचतही नाहीत. तिथे पॉइंटिंग मशीन, म्हणजे नमुन्यावरच्या बिंदूची जागा आणि खोली दगडावर नेणारं यंत्र, कामाला येतं. इंग्लिश शिल्पकार जॉन बेकन (१७४०–१७९९) यांचं नाव या यंत्राच्या सुधारणेशी जोडलं जातं. त्यांचा त्याच नावाचा मुलगाही शिल्पकार होता, आणि फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये गव्हर्नर जोनाथन डंकन यांचं संगमरवरी स्मारक आहे, ते या मुलाचं काम.

यंत्र घरी बनवता येतं. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा सांगाडा अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळीचा करा. लाकडाचा केला तर पावसाळ्यात तो वाकतो आणि रोज सकाळी जुळवत बसावं लागतं. सांगाड्याला तीन पितळी टोकं, जी अ, ब, क या खळग्यांत नेमकी बसतील. मधल्या दांडीवर सरकणारा, वळणारा आणि स्क्रूने घट्ट होणारा हात. हाताच्या शेवटी पितळेची बारीक नळी, आणि तिच्यातून सरकणारी सुई. सुईसाठी सायकलचा २ मिमीचा स्पोक उत्तम, सरळ आणि कडक असतो. सुईवरच्या थांब्यासाठी विजेच्या कनेक्टर पट्टीतला पितळी स्क्रूवाला तुकडा काढून घ्या. विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत, तो किरकोळीत मिळतो आणि स्पोकवर घट्ट बसतो.

सांगाडा नमुन्यावर बसवा, सुई बिंदूला टेकवा, थांबा नळीला भिडवून घट्ट करा. सुई मागे ओढा आणि सांगाडा उचलून दगडावर बसवा. सुई पुढे ढकला. ती दगडाला टेकते तेव्हा थांबा आणि नळी यांच्यात जी फट राहते, तेवढाच दगड काढायचा आहे. इथे कंपासासारखा हिशेब नाही, फट आणि दगड एकास एक.

त्या जागी ४ मिमीच्या ड्रिलने सुईच्या दिशेनेच भोक पाडा आणि ३ मिमी शिल्लक असताना थांबा. ड्रिलचं हॅमर बटण बंद असलंच पाहिजे. हॅमरने भोकाच्या तळाशी तोच पांढरा मार बसतो आणि पातळ भागात चीर जाते. बिटाचं टोक शंकूसारखं असतं, ४ मिमीच्या बिटाला ते एक मिमीहून जास्त पुढे असतं, म्हणून खोली टोकापासून मोजा. बिटावर चिकटपट्टी गुंडाळून खूण करा. भोक झालं की तळाला निळी पेन्सिल फिरवा. आता आजूबाजूचा दगड उतरवताना निळा ठिपका दिसला की हात आखडायचा, कारण तिथून पुढे ३ मिमीच उरले आहेत.

कुठलं हत्यार कुठे थांबवायचं

ग्राइंडरची डायमंड ब्लेड अंतिम पृष्ठभागाच्या १० मिमी आधी थांबवा. ४ इंची ब्लेडने १०-१२ मिमी अंतराने समांतर खाचा पाडा आणि मधल्या भिंती सपाट छिन्नीने आडव्या तोडा. टोकदार टाकी ६ मिमीला थांबते. दातेरी छिन्नी ६ पासून ३ पर्यंत. ३ पासून १ मिमीपर्यंत सपाट आणि अर्धगोल छिन्न्या. मग रॅस्प (खरखरीत दात्यांची कानस) आणि वाकड्या कानशी अर्ध्या मिमीपर्यंत. उरलेला अर्धा मिमी पॉलिश पेपर खातो. नवशिक्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट हीच. छिन्नीनेच अंतिम मापाला आणलेला ओठ घासून झाल्यावर पातळ दिसतो, कारण घासण्यासाठी दगड ठेवलेलाच नसतो.

या सगळ्यांत दातेरी छिन्नी सर्वांत जास्त वेळ हातात राहावी. तिच्या समांतर रेघा पृष्ठभाग कुठे वळतो ते उघड दाखवतात. एक फेरी एका दिशेने, पुढची तिला काटकोनात. जुन्या रेघा जिथे पुसल्या जात नाहीत तिथे खळगा आहे, आणि जिथे लवकर पुसल्या जातात तिथे उंचवटा.

हनुवटीखाली, कानामागे, नाकपुड्यांत छिन्नी वळत नाही. तिथे शेजारी-शेजारी भोकं पाडून मधल्या पातळ भिंती अरुंद छिन्नीने काढा. कान आणि मान यांच्यामध्ये दगडाचा एक पूल शेवटपर्यंत राहू द्या. ग्राइंडर आणि जड हातोडा पूर्ण बंद झाल्यावरच तो कापायचा, तोही कानशीने.

डोक्याचा मागचा भाग चेहरा ठरेपर्यंत अजिबात आत नेऊ नका. ठोकळ्यात मागे साधारण १२ मिमी जास्तीचा दगड आहे. नाकाचा शेंडा गेला तर हा दगडच उपयोगी पडतो : सगळा चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, दोन-तीन मिमी मागे घ्यायचा. त्यासाठी पुढच्या प्रत्येक बिंदूला सुई समोरून सरळ ठेवून तिचा थांबा तेवढ्याच मिलिमीटरने हलवला की नवी खोली मिळते.

हत्यारं धारदार ठेवा, कारण बोथट छिन्नी माणसाला जोर लावायला लावते. साध्या पोलादी टाकीला धार लावताना टोक निळं पडू देऊ नका, निळं पडलं की पाणी उतरलं. टंगस्टन टिपच्या छिन्नीला हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा दगड किंवा डायमंड लागतो, आणि ती गरम झाल्यावर पाण्यात बुडवायची नाही, टिप तडकते.

डोळा

पापणीची रेघ आधी काढून मग तिच्या आत डोळा कोरायचा मोह होतो. तसं केलं की बुबुळ सपाट होतं आणि चेहरा झोपाळू दिसतो. क्रम उलटा हवा. आधी भुवईच्या हाडाखालचा सगळा खोलगट भाग एकच समजून उतरवा. मग त्यात नेत्रगोलाचा पूर्ण फुगवटा काढा, पापण्यांच्या जाडीसकट. या आकारात वरच्या पापणीची जाडी दीड मिमीच्या आसपास येते, म्हणून गोल दीड मिमी मोठा ठेवा. पापणीची कड पेन्सिलीने आखा आणि ४ मिमीची सपाट छिन्नी जवळजवळ झोपवून, कडेपासून डोळ्याच्या मध्याकडे, दीड मिमी खाली न्या. खालची पापणी वरचीपेक्षा पातळ आणि मागे असते. बाजूने बघितलं तर वरची कड पुढे आणि खालची तिच्या आत दिसली पाहिजे. नाकाकडचा कोपरा २ मिमीच्या बिटाने हाताने फिरवून खोल करा, मशीनने नको.

एक गोष्ट प्लास्टरवरून कळत नाही. संगमरवरात प्रकाश थोडा आत शिरतो आणि विखरून बाहेर येतो, त्यामुळे बारीक सावल्या फिक्या पडतात. प्लास्टरमध्ये ठसठशीत दिसणारी पापणीची घडी त्याच खोलीने दगडात कोरली तर विरघळल्यासारखी वाटते. म्हणून पापणीची घडी, नाकपुडी, ओठांची मधली रेघ आणि कानाची भोवरी नमुन्यापेक्षा अंमळ खोल घ्या. किती, ते बल्ब फिरवून तीन-चार पावलं मागे जाऊन ठरवा. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये मॅथ्यू नोबल यांनी केलेला नाना शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळा आहे. तो बाजूने, उजेड तिरका पडत असताना बघा, आणि सावली कुठे किती गडद ठेवली आहे तेवढंच टिपून घ्या.

घासणं

८० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करा, मग १२०, २२०, ३२०, ४००. प्रत्येक नंबर आधीच्याला आडव्या दिशेने. नंबर गाळू नका. ८० चा ओरखडा २२० ने झाकल्यासारखा वाटतो आणि ४०० वर पुन्हा वर येतो. ओल्या दगडावर ओरखडे दिसत नाहीत, म्हणून पुढच्या नंबरला जाण्याआधी दगड पुसून पूर्ण वाळवा आणि तिरक्या उजेडात बघा. पेपर बोटाने दाबून घासला तर कडा गोल होतात. पापणीशेजारी आणि ओठाच्या रेघेत पेपर लाकडी काडीला गुंडाळून वापरा. पोलादी चोथा कधीही वापरू नका, त्याचे कण अडकून गंजतात.

चेहऱ्यासाठी ४०० ला थांबावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. १००० पर्यंत जाऊन ऑक्झॅलिक अॅसिडच्या पावडरीने चकाकी आणता येते, पण चकाकीत समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडतं आणि गालाचा हळुवार वळसा, जो तीन मिलिमीटर राखून मिळवला, तोच दिसेनासा होतो. चकाकी आणायचीच असेल तर केसांना किंवा चौथऱ्याला आणा. ती पावडर विषारी आहे, हातमोजे घाला आणि मुलांपासून दूर ठेवा.

मोडलेला तुकडा जपून ठेवा, कागदावर तो कुठला ते लिहून. चिकटवताना दोन्ही बाजू पूर्ण कोरड्या हव्यात. पावसाळ्यात दगड आतून ओला असतो, तेव्हा एक-दोन दिवस पंख्याखाली ठेवून मगच इपॉक्सी लावा. उन्हात इपॉक्सीची रेघ पिवळी पडते, म्हणून जोड दिसणार असेल अशा जागी चेहरा मागे घेण्याचाच पर्याय बरा.

रात्री काम थांबवताना ओल्या दगडावर छिन्नी ठेवून जाऊ नका, सकाळी तिच्या आकाराचा तपकिरी डाग मिळतो. ओल्या नव्या लाकडी फळीचाही रंग उतरतो, मध्ये प्लास्टिक घाला. आणि काम पूर्ण झाल्यावर कुणी ते देवघरात ठेवणार असेल तर आधीच सांगून ठेवा : लिंबू, ताक, पंचामृत यांतलं आम्ल संगमरवर खातं. सांडलं तर लगेच साध्या पाण्याने धुवा आणि मऊ सुती कापडाने टिपून कोरडं करा.